आबा जेवेल अशी जागा

रेवदंड्याच्या बंदरात त्या दिवशी सगळ्यांत जास्त कोण रडलं असेल तर माझी चुलतबहीण, आणि तिला तर मुंबईला जायचंही नव्हतं. मी रडले नाही. लोक म्हणाले, पोर धीराची आहे. खरं म्हणजे नव्या लुगड्याचा ओचा सांभाळत होडीतून मचव्यावर कसं चढायचं, या काळजीत रडायचं राहूनच गेलं. आणि एवढी काळजी करून पडायची ती पडलेच. सासरच्या माणसांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते दोन खलाशी मला दंडाला धरून पाण्यातून वर ओढत असताना.

आबा, म्हणजे माझा बाप, गुडघाभर पाण्यात उभा होता. आई आधीच गेलेली, म्हणून सासरी निघालेल्या लेकीला करायचा उपदेशही त्यालाच करावा लागला आणि तो काही त्याला येईना. माडावर चढायचं कसं, नारळीच्या वाडीला शिंपणं कधी करायचं, हे त्याला विचारावं. तो मचव्याच्या कडेला हात लावून म्हणाला, "येसू, तितं नळाचं पाणी असतं. तापवून पी." मचवा सुटायला लागला तसा ओरडला, "मी येईन गं! पन जेवायचा आग्रह करू नको. पोर झालं का तुज्या घरी पोटभर जेवीन. तवर पानी बी न्हाय!"

मागं राहिलेल्या तुम्हां मंडळींना यातलं काही नवं नाही. पण इकडे आलेल्यांची पोरं आता आमच्याकडे आम्ही येडे असल्यासारखं बघतात, म्हणून सांगते. लेक दिली की दिली. दिलेल्या वस्तूवर पुन्हा हात टाकू नये, तसं तिच्या घरचं अन्न बापानं घेऊ नये. तिला मूल झालं की मग चालतं, कारण तेव्हा तो नातवाच्या घरी जेवतो. आमच्याकडे सगळेच पाळत. तेव्हा मला त्यात दुःख करण्यासारखं काही दिसलंही नाही. मूल काय, पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत होईल, असा माझा हिशेब. आजूबाजूला सगळ्यांना होतच होती. त्याला काही विशेष अक्कल लागत असेल, असं वाटत नव्हतं.

आमचे हे माझगावच्या गोदीत फिटर होते. खोली गोदीच्या मागच्या गल्लीत. रेवदंड्याला दिवस भरती-ओहोटीवर चाले, इथं भोंग्यावर. ड्यूटी, ओव्हरटाइम, स्टोव्ह, घासलेट हे शब्द मी महिन्याभरात शिकले आणि स्टोव्हनं दोन पापण्या जाळल्यावर ते पक्केही झाले. मराठी चौथी झालेली मी एकटीच त्या मजल्यावर, त्यामुळे सगळ्या बायकांची पत्रं मीच वाची. त्यात बहुतेक एकच मजकूर असे: "काही आहे का?" माझ्या स्वतःच्या पत्रांतही तोच.

आबा सुपारी आणि नारळ घेऊन वर्षातून तीन-चारदा भाऊच्या धक्क्यावर उतरायचा. व्यापाऱ्याकडचं काम उरकलं की उरलेले नारळ खांद्यावर टाकून माझ्याकडे. नारळ आत ठेवायचा आणि स्वतः बाहेर गॅलरीत, भिंतीला टेकून बसायचा. धक्क्यावरच्या नळाचं पाणी त्यानं तांब्यात भरून आणलेलं असे. मी आत भात शिजवी, कढी करी, मासे तळी. सवयच. पानं वाढली की हे आत जेवत आणि आबा बाहेर बसून गोदीची धुराडी मोजत असल्यासारखा बघत राही. पोटात भूक असायची. आबाच्या पोटाचा आवाज एवढा, की शेजारीण भिंतीपलीकडून विचारी, "येसूताई, वडील आलेत वाटतं?"

हसता हसता एके दिवशी मला हसू येईनासं झालं. तळलेल्या मांदेलीचा वास गॅलरीत जातो आहे आणि बाप तोंड फिरवून बसला आहे. मी तव्याखालचा स्टोव्ह बंद केला आणि तशीच बसले. ह्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आले ते म्हणाले, "पेत्रूची खानावळ काय तुझं घर आहे?"

पेत्रू म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा इटलीचा गोरा. कुठल्याशा आगबोटीवर आचारी होता. आजारी पडला म्हणून त्याला मुंबईत उतरवलं, इसाबेल नावाच्या गोव्याच्या बाईनं पेज पाजून बरा केला, आणि मग तो पुन्हा बोटीवर चढलाच नाही. दोघांनी मिळून खानावळ काढली. पाटी नाही, काही नाही. पाचसहा टेबलं, त्यावर मेणकापड, भिंतीवर येशूच्या आईचं चित्र आणि त्याखाली लसणीच्या माळा. गोदीतले कारकून, गोव्याचे खलाशी, आणि त्यांच्या देशाची बोट लागली की आरडाओरडा करत येणारे त्याचे गाववाले, अशी गिऱ्हाइकं. माझ्यासारख्या बायका तिथं जात नसत. मी जायला लागले तेव्हा चाळीत दोन दिवस तोच विषय होता. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी घरी चोरी झाली आणि मी सुटले.

पुढच्या खेपेला आबा आला, पण त्याला आधी पटेना. "किरिस्तावाकडं?" म्हणाला. हे म्हणाले, "मामा, खानावळ कुणाचंच घर नसते. पैसे टाकायचे, उठायचं. तुमचे तुम्ही टाका." आबानं विचार केला. त्याच्या पोटानंही केला, आम्ही ऐकला. मग तो उठला आणि धोतर झटकत म्हणाला, "चला. जात धक्क्यावं ठेवून आलोय. जाताना उचलीन."

इसाबेलनं त्याला खुर्ची दिली. आबा आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर जेवायला बसला होता. पाय खाली सोडावे की वर घ्यावे हे ठरेना, म्हणून एक खाली आणि एक वर ठेवला. पेत्रूनं पुढ्यात ताटली आणून ठेवली. लांबच लांब शेवया आणि त्यावर, उघड्या शिंपांसकट, तिसऱ्या. आमच्या रेवदंड्याच्या खाडीत ओहोटीला बायका चिखलातून वेचतात त्याच.

"ह्ये काय गं?" आबा मला हळूच म्हणाला. "शेवयांच्या खिरीत तिसऱ्या पडल्या?"

"बोस, आबा, बोस," इसाबेल म्हणाली. "तुका भियें आसा तें मांस हांतूंत ना. फकत तिसऱ्यो. जेव." तू भितोस ते मांस यात नाही, असं सांगत होती.

आबानं काट्याकडे पाहिलं, काट्यानं आबाकडे. मग त्यानं काटा बाजूला ठेवला आणि हातानं शेवई उचलली. ती संपेचना. हात डोक्याच्या वर गेला तरी शेवई ताटलीतच. त्यानं मान मागं टाकली, तोंड वर केलं आणि माडावरून मडकं उतरवावं तशी ती वरून तोंडात सोडली. पेत्रू टाळ्या वाजवायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या खलाशांनीही वाजवल्या. आबाच्या मिशीला लसूण लागली होती. तो म्हणाला, "तेल येगळं हाय. पन तिसरी तिसरीच हाय."

मी त्याच्या समोर बसून जेवत होते. लग्नानंतर बापलेक पहिल्यांदा एका वेळी जेवत होतो. मी काय खाल्लं मला आठवत नाही. मी बहुतेक त्याचं खाणंच खात होते.

मग ते आमचं ठरूनच गेलं. आबा आला की पेत्रूकडे. आबाचं टेबल खिडकीजवळचं. पैसे आबाच टाकी, ह्यांचा हात खिशाकडे गेला तरी डोळे वटारी. पेत्रूला मराठी येत नसे, आबाला मराठीशिवाय काही येत नसे, आणि दोघं तासभर बोलत. पेत्रूनं एकदा त्याच्या देशाची लाल दारू पेल्यात ओतून दिली. आबानं हुंगली आणि म्हणाला, "द्राक्षाची ताडी. पन शिळी हाय रे." पुढच्या खेपेला स्वतःच्या माडाची भल्या पहाटे उतरवलेली माडी मडक्यातून घेऊन आला. मचव्यावर ती इतकी आंबली की धक्क्यावर बूच उडालं आणि एका हवालदाराचा साफा भिजला.

त्या टेबलावर मला वाडीची सगळी बातमी मिळे. कुठला माड पडला, विहिरीत कुणाची रेडी पडली, दामूचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं लग्न, दामूची मुलगी शेवंता. मी सांगण्यासारखं काही नसे. आबा शेवटी, सुपारी कातरता कातरता, माझ्याकडे न बघता विचारी, "बाकी?" मी म्हणे, "बाकी नाही काही." तो म्हणे, "व्हईल." वर्षांमागून वर्षं हे दोन शब्द. आधी मला त्यांचा आधार वाटे. मग लाज वाटायला लागली. मग राग यायला लागला. माझ्या कानामागचे केस पांढरे झाले तरी म्हणे, "व्हईल."

चाळीत मला आता बारशाला बोलवत नसत, बोलावलं तरी पाळण्याला हात लावू देत नसत. मी त्यावर विनोद करायला शिकले होते. विनोद केला की बायका हसतात आणि लवकर घरी जातात.

एकदा इसाबेलनंच विषय काढला. आबा येणार असल्याचा निरोप मचव्यावरच्या माणसाकडून आला होता. ती म्हणाली, "येसूबाय, तुजो बापूय म्हज्या हाताचें खाता. तुज्या हाताचें केन्ना खातलो?" मी म्हटलं, "मला पोर झालं की." ती माझ्याकडे बघत राहिली. आम्हा दोघींनाही माहीत होतं की आता ते होणार नव्हतं. ती बाई भिडस्त नव्हती, तरी तेवढं मात्र बोलली नाही. म्हणाली, "फाल्यां तूं रांद. हांव वाडटां. कोणाक कळतलें?"

उद्या तू रांध, मी वाढते. कोणाला कळणार आहे? मला ते इतकं सोपं वाटलं की आधी का सुचलं नाही याचंच नवल वाटलं. मी घरी पाट्यावर वाटण वाटलं. आबानंच आणलेला नारळ, भिजवलेले चार तांदूळ, भाजलेला कांदा, आईचं सगळं तसंच. वाटण डब्यातून नेलं, घरचे तांदूळही नेले, म्हटलं, आज शेवया नकोत. पेत्रूला त्याच्याच चुलीपासून हाकलला. तो काहीतरी बोलत बाहेर गेला, शिव्या असाव्यात, पण गोड वाटत होत्या. तिसऱ्यांचं कालवण केलं, कोकम सगळ्यात शेवटी, खाली उतरवल्यावर. भात केला. मग पदर नीट करून, हात लसणीच्या वासाचे होते ते घासून धुऊन, मी बाहेर येऊन आबासमोर बसले. जणू आत्ताच आले.

इसाबेलनं ताटली ठेवली. आबा खूश झाला. "आज भात?" म्हणाला. कालवलं. घास घेतला. मी शेजारी बसलेल्या ह्यांच्या मांडीवर टेबलाखाली हात दाबून धरला. आबानं डोळे मिटले. दुसरा घास घेतला. मग हात थांबला.

"वाटान पाट्यावरचं हाय," तो म्हणाला.

त्यानं बोटांवरचं कालवण हुंगलं.

"येसू. ह्यो तुज्या आयशीचा हात हाय."

मी म्हटलं, "इसाबेलला मी शिकवलं."

"हात शिकवता येत न्हाय. वाटलंस कुटं?"

मला खोटं बोलता येतं. चाळीत राहायचं तर यावंच लागतं. पण तेव्हा तोंडातून "घरी" असंच आलं.

आबानं घास गिळला. थुंकला नाही, हे मी आजही त्याच्या बाजूनं मोजते. ताटली दोन्ही हातांनी, देवापुढून नैवेद्य सारावा तशी, पुढे सारली. "तांदूळ तुजं. नारळ मी दिलेलं, म्हंजे तुजं. तूच वाटलंस, तूच रांधलंस. मंग ह्ये घर तुजंच झालं की गं." आणि उठला. उष्टा हात तसाच धरून दारापर्यंत गेला, रस्त्यावरच्या नळावर धुतला. पेत्रूला वाटलं जेवण बिघडलं. त्यानं ताटलीतलं चाखलं, आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे बघत राहिला.

हे त्या दिवशी पहिल्यांदा आबावर चिडले. "मामा, किरिस्तावाचं चालतं आणि लेकीचं चालत नाही?"

"किरिस्तावाला मी लेक दिली न्हाय," आबा म्हणाला.

त्यानंतर तो पेत्रूकडे आला नाही. मुंबईला येई, माझ्याकडेही येई, पण घरून आणलेली भाकरी आणि सुकट धक्क्यावरच बसून खाऊन येई. मी एकदा लांबून पाहिलं. पोत्यांच्या आडोशाला, समुद्राकडे तोंड करून, चोरून खात असल्यासारखा. मी माघारी फिरले आणि तो खोलीवर आला तेव्हा विचारलं, "जेवलास?" म्हणाला, "व्हय." आमचं टेबल मीच घालवलं होतं. चोरून रांधलं याचं वाईट वाटत नाही. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा करीन. पण निदान शेवयाच केल्या असत्या तर.

तो आजारी पडला तेव्हा मी रेवदंड्याला गेले. माहेरी मी रांधलेलं त्याला चालत होतं, तिथलं चूल-मडकं त्याचंच. मी पेज भरवायची, तो दोन पळ्या प्यायचा. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी मनातलं विचारलंच.

"त्या दिवशी उठलास का रे, आबा? माझी चाळिशी आली होती. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत व्हतं."

"मग?"

तो आढ्याकडे बघत म्हणाला, "मी जेवलो असतो, म्हंजे मीच म्हटलं असतं, का आता तुला व्हयाचं न्हाय. बापानं कसं म्हणावं गं? समद्यांनी म्हटलं. न म्हणणारा मी एकटाच ऱ्हायलो व्हतो."

तुम्ही म्हणाल, केवढी ही माया. मलाही तसं वाटायला हवं होतं. मी पेजेची वाटी घेऊन बसले होते आणि मनात एवढंच येत होतं, की हे तू मला न विचारता ठरवलंस. माझी आशा मी कधीच गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. तू ती माझ्या वतीनं उपाशीपोटी सांभाळत बसलास. मला आशा नको होती, आबा. मला तू जेवायला हवा होतास. हे मी बोलले नाही. पेज निवत होती, म्हणून भरवली.

तो गेला. वाडी दामूची झाली. शेवंताचं लग्न होऊन ती परळला आली. तिलाही अजून काही नाही, दोनच वर्षं झाली आहेत. दामू नारळ घेऊन येतो, लेकीकडे गॅलरीत बसतो, पाणी घेत नाही, आणि मग भुकेनं कासावीस होऊन माझ्याकडे जेवायला येतो. बहिणीचं चालतं, त्याला रीत आड येत नाही. रेवदंड्याची, चौलची आणखी दोघं-तिघं तशीच येतात, लेकींच्या घरून उपाशी. मी सगळ्यांना वाढते. पाटी तेवढी लावायची राहिली आहे.

गेल्या महिन्यात दामू येणार त्या दिवशी शेवंता सकाळीच आली. पदर खोचून म्हणाली, "आत्या, आज कालवण मी करते. बाबांना सांगू नकोस." मी काही शिकवलं नव्हतं, कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक लेकीला हे आपापलं सुचत असावं. मी पाटा पुढे सरकवला. ती तिच्या घरून वाटण घेऊन आली होती, त्यामुळे पाट्याची गरजच नव्हती.

दामू जेवला. तीनदा भात घेतला. शेवंता दाराआड उभी, ओठ दातांत धरून. मी दामूच्या हाताकडे बघत होते, तो आता थांबेल, आता थांबेल. तो थांबला नाही. ढेकर देऊन म्हणाला, "बाय, तुझ्या हाताला अजून आयेची चव हाय हां." त्या कालवणाला माझा हातसुद्धा लागला नव्हता.

शेवंतानं माझ्या गळ्यात हात टाकले. बाप तिच्या हातचं जेवला होता, तिला आणखी काय हवं? मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मला तिची इतकी कीव आली की सांगता येत नाही.

तुम्ही पत्रातून विचारता, आता घर कुठलं म्हणतेस, रेवदंडा की माझगाव. मला दोन्हीकडे पाट मिळतो आणि दोन्हीकडे मी पोटभर जेवते. पण ज्याला दुसऱ्या घासाला माझा हात ओळखू आला आणि म्हणून जो ताटावरून उठला, तो होता तोवर मला घर होतं.